टाचेवरचा वण, दंडावरच्या देवी

गेल्या महिन्यात या सदरातून वाचकांना विचारलं होतं: लहानपणी पडल्या-धडपडल्याची, कापल्या-भाजल्याची कोणती खूण अजून अंगावर आहे आणि ती आली कशी? नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पत्रं आली. बहुतेकांनी आपल्या गोष्टीच्या शेवटी एखादा प्रश्नही जोडला होता. त्यांतल्या 6 प्रश्नांची उत्तरं इथे देत आहे. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, कारण यातल्या काही गोष्टी घरातल्या आहेत.

प्रश्न : माझ्या उजव्या टाचेच्या मागे रुपयाएवढा चकचकीत वण आहे. आई म्हणते, बाबांच्या सायकलच्या चाकात पाय गेला. मामा म्हणतो, गच्चीवर काच लागली. मला फक्त आपलं रडणं आणि टिंक्चरचा वास आठवतो. खरं कुणाचं मानायचं? (एक वाचक, महाल)

तुम्ही लिहिलेली जागा आणि आकार पाहता कौल आईच्या बाजूने जातो. काच धारदार असते, त्यामुळे तिचा वण सहसा बारीक रेघेसारखा राहतो. टाके पडले असतील तर रेघेच्या दोन्ही बाजूंना त्यांचे ठिपकेही दिसतात. सायकलच्या चाकाची तऱ्हा वेगळी. कॅरिअरवर पाय सोडून बसलेल्या मुलाची टाच फिरत्या तारा आणि सायकलची दांडी यांच्यामध्ये सापडते. तिथे कातडीखाली मांस जवळजवळ नसतंच, त्यामुळे कातडी एकाच झटक्यात चिरडते आणि ओढलीही जाते. पहिल्या दिवशी जखम साधी वाटते. घरचे हळद दाबतात आणि पोराला गप्प करतात. चार-पाच दिवसांनी मात्र कातडीचा तेवढा तुकडा काळा पडतो आणि निघून येतो. खालून भरून आलेली जागा मग पातळ आणि चकचकीत राहते. ही इजा इतकी सर्रास होत आली आहे की हाडांच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत तिचा वेगळा उल्लेख असतो. ती होते प्रामुख्याने लहान मुलांना, म्हणजे मागे बसवून कुठे कुठे नेलं जाण्याच्या वयात.

तरी मामांना खोटं ठरवू नका. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड इथल्या मेमोरियल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल पीटरसन यांनी 1990 च्या दशकात नेमक्या याच विषयावर काम केलं. टाके पडलेली, हाड मोडलेली 2 ते 13 वर्षांची मुलं दवाखान्यातून परतल्यावर त्यांनी त्यांच्याशी बोलून घेतलं. सहा महिन्यांनी आणि पुढे काही वर्षांनी तीच मुलं पुन्हा बोलती केली. लागलं कसं, कुठे, जवळ कोण होतं, हे मुलांना पुष्कळ चांगलं आठवत होतं. दवाखान्यात काय झालं ते मात्र तुलनेने विस्कळीत आठवत होतं. अगदी लहान मुलांची आठवण सर्वांत तुटक होती.

मोठेपणी आपल्याला साधारण 3 वर्षांच्या आधीचं सहसा काही आठवत नाही. त्या वयातली गोष्ट आपण घरच्यांकडून ऐकतो. ऐकून ऐकून मनात एक चित्र तयार होतं आणि पुढे ती आपलीच आठवण वाटू लागते. मामांची काच खरी असेलही, पण ती तुमच्या दुसऱ्या पायाला किंवा तुमच्या एखाद्या भावंडाला लागलेली असू शकेल. आईला आणि मामांना वेगवेगळं बसवून विचारा. कोणतं घर, कोणता ऋतू, दवाखान्यात कोणी नेलं, हे लिहून काढा. दोघांच्या सांगण्यात जुळेल तेवढं पक्कं धरा.

प्रश्न : कातडी सतत नवी होते असं शाळेत शिकलो. मग 45 वर्षांपूर्वीचा हनुवटीखालचा वण अजून तिथेच कसा? (एक निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

सतत नवा होतो तो कातडीचा वरचा पापुद्रा. खरचटणं तेवढ्यावरच थांबलं तर खपली पडते आणि मागे काही उरत नाही. वण पडतो तो जखम खालच्या जाड थरापर्यंत गेली म्हणजे. या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे उभे-आडवे एकमेकांत गुंफलेले असतात. जखम झाल्यावर शरीराला घाई असते ती भोक बुजवण्याची, म्हणून ते धागे एकाच दिशेने, दाट आणि भराभर घातले जातात. ते रफूसारखं असतं: कापड सांधलं जातं, मूळ विणकर परत येत नाही. त्या जागी केस उगवत नाहीत आणि घामाच्या ग्रंथीही पुन्हा होत नाहीत. वणाची ताकद वाढत वाढत मूळ कातडीच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंत पोचते आणि तिथेच थांबते.

म्हणून वण म्हणजे निर्जीव डाग असं समजू नका. त्यातलं कोलॅजन आयुष्यभर मोडतं आणि नव्याने बनत राहतं. बनवण्यासाठी क जीवनसत्त्व लागतं. त्याचा विलक्षण पुरावा समुद्रावर मिळाला. इंग्लंडच्या जॉर्ज अॅन्सन यांच्या 1740 ते 1744 च्या जगप्रवासात खलाशांना स्कर्व्ही झाला. त्या प्रवासाच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची हकीकत आहे. 1690 च्या बॉइनच्या लढाईतल्या त्याच्या जखमा 50 वर्षांनी पुन्हा उघडल्या आणि कधीचं जुळलेलं हाडही सुटलं. जुनं कोलॅजन झिजत होतं आणि नवं बनवायला आहारात ताजी फळं-भाज्या नव्हत्या. आपण संत्र्याच्या गावात राहतो, तेव्हा तुमच्या हनुवटीला ती काळजी नाही.

हनुवटीचंच का, हेही सांगतो. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असतं, मोठेपणी ते एक अष्टमांशाच्या आसपास येतं. लहान मूल वरच्या बाजूला जड असतं, म्हणून पडताना आधी तोंड आपटतं. कपाळ, भुवई, हनुवटी या जागांवर कातडीखाली लगेच हाड आहे. फरशीची कड लागली की सरळ खोक पडते. तुमच्या वर्गात दरवर्षी एकाच जागी वण असलेली चार-पाच मुलं दिसली असतील, ती यामुळे.

प्रश्न : आजीच्या दंडावर दोन मोठे गोल वण आहेत. बाबांच्या दंडावर एक छोटा आहे, माझ्याही. आम्हा सगळ्यांना एकाच जागी कसं लागलं? (इयत्ता आठवी, हुडकेश्वर)

तुझा प्रश्न मला सर्वांत आवडला. या खुणा पडल्याच्या नाहीत. त्या मुद्दाम दिलेल्या आहेत, आणि तुम्ही तिघं सुखरूप राहावं म्हणून दिलेल्या आहेत.

आजीच्या दंडावर देवी काढल्या आहेत, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचली आहे. त्या काळी आपल्याकडे एक छोटी दातेरी चकती वापरत. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती दाबायची आणि मूठ फिरवून गोल पीळ द्यायचा. तिथे फोड येई, ताप येई, खपली धरे आणि गोल वण राही. पक्कं संरक्षण मिळावं म्हणून एकाहून जास्त ठिकाणी टोचत. आजीला विचार: शाळेत देवी टोचणारा आला की किती मुलं मागच्या दाराने पळायची?

ही लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, अॅना डस्टहॉल नावाच्या 3 वर्षांच्या मुलीला. देवीचा रोग होऊन जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर खोल खड्डे राहत, कारण रोगाचा विषाणू कातडीतल्या तैलग्रंथीच नष्ट करी. कित्येकांची दृष्टी जाई. विसाव्या शतकात या एका रोगाने जगात सुमारे 30 कोटी माणसं मेली, असा अंदाज आहे. भारतातला शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये आसामातल्या करीमगंजला सापडला. 1977 मध्ये भारत देवीमुक्त ठरला आणि 1980 मध्ये सारं जग. रोगच उरला नाही म्हणून ती लसही थांबली.

तुझा आणि बाबांचा वण बीसीजीचा, म्हणजे क्षयावरच्या लसीचा. ती जन्मानंतर लगेच डाव्या दंडावर, कातडीच्या थरांमध्येच देतात. तू डागा दवाखान्यात जन्मली असशील किंवा मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जागा तीच. दोन-तीन आठवड्यांनी बारीक गाठ येते, फुटते आणि काही आठवड्यांनी छोटा वण राहतो.

घरात अजून एक गोष्ट सापडते का बघ. तुझ्या बाबांना किंवा काकांना लहानपणी कुत्रं चावलं असेल, तर ते पोटातल्या 14 इंजेक्शनांची आठवण सांगतील. ती जुन्या पद्धतीची रेबीजची लस 2004 च्या अखेरीस देशात बंद झाली. आता दंडात मोजकी इंजेक्शनं पुरतात. तीन पिढ्यांचे दंड आणि पोटं बघितलीस तर या देशातल्या साथींचा आणि औषधांचा इतिहास तुझ्या घरीच सापडेल.

प्रश्न : माझ्या तर्जनीवर मांजाने कापल्याच्या तीन खुणा आहेत आणि त्या मी अभिमानाने दाखवतो. आता संक्रांतीला मुलाला पतंग उडवू देताना मात्र जीव घाबरतो. आम्ही भित्रे झालो की काळ बदलला? (एक वाचक, इतवारी)

मांजा बदलला, आणि तुमची भीती योग्य आहे.

तुमच्या लहानपणी सुती दोरा होता. त्याला काचेची पूड आणि खळ लावलेली असे. पेच लागला, ढील देता देता दोरा सरसर निसटला की तर्जनीच्या पेरावर चीर पडे. सराईत पोरं बोटाला चिकटपट्टी गुंडाळून मगच दोरा धरत. पण तो दोरा ताण आला की तुटायचा. झाडाला अडकला, माणसाला अडकला, तुटला. त्याची इजा सहसा उडवणाऱ्याच्या बोटापुरती राहायची. 'ओ काट'ची आरोळी होती ती दुसऱ्याचा पतंग कापल्याची.

नायलॉनचा मांजा सहजी तुटत नाही. रस्त्यावर आडवा आलेला तो दोरा दुचाकीवाल्याच्या गळ्याला लागतो, गाडी पुढे जाते आणि दोरा ताणूनच राहतो. तो कातडीत रुततो, पुढे स्नायूत आणि श्वासनळीतही जातो. सोडवायला हात वर नेला तर बोटांचे स्नायुबंध कापले जातात. ज्याच्या गळ्यावर तो वण येतो त्याने पतंगाला हातही लावलेला नसतो. गाडीच्या टाकीवर पुढे बसवलेली लहान मुलं यात सापडली आहेत. झाडांवर आणि तारांवर लटकलेला हा दोरा महिनोन्‌महिने पक्ष्यांचे पंख कापत राहतो.

राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. अलीकडच्या वर्षांत संक्रांतीला शहरातले उड्डाणपूल दुचाकींसाठी बंद ठेवावे लागतात. गुन्हे दाखल होतात, चक्र्या जप्त होतात, आणि तरी तो दोरा कोणाच्या तरी गच्चीवर पोचतो. तो विकत घेणारा कोणीतरी बापच असतो.

मुलाला पतंग जरूर उडवू द्या. दोरा सुतीच घ्या, गच्चीला कठडा असेल तिथेच उभं करा आणि चक्री तुम्ही धरा. बोटाला चीर पडली तर पडू द्या, ती त्याच्या खेळाची असेल. त्या दिवसांत तुम्ही स्वतः दुचाकी काढलीत तर गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळा आणि मुलाला पुढे बसवू नका. शेजारच्या गच्चीवर नायलॉन दिसला तर संबंध बिघडतील म्हणून गप्प राहू नका.

प्रश्न : मी मेळघाटाजवळच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या पोटावर भाजल्याचे गोल डाग आहेत. मुलांना कारण माहीत नाही. मी विचारावं का? (एक शिक्षिका, परतवाडा)

हे डाग बहुधा डंब्याचे असतील. अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत तान्ह्या बाळाचं पोट फुगलं, ते सारखं रडू लागलं, की तापवलेल्या विळ्याने किंवा सळईने पोटावर चटके देण्याची प्रथा आहे. त्यालाच डंबा म्हणतात. पोटातलं दुखणं चटक्याने जात नाही. उलट त्यात जखमेचा जंतुसंसर्ग होतो, आणि खरा आजार, मग तो न्यूमोनिया असो की रक्तातला जंतुसंसर्ग, तसाच वाढत राहतो. असं बाळ दवाखान्यात पोचतं तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. अत्यवस्थ बाळं पार नागपूरपर्यंत आणावी लागतात. बाळाला चटके देणं गुन्हा आहेच, आणि पोलिसांत तशा नोंदीही होतात.

मुलांना वर्गात विचारू नका. आयांना विचारा, तेही दोष न देता. मध्यरात्री बाळ निळं पडतंय, गाडी नाही, रस्ता घाटाचा, आणि दाराशी येतो तो भूमका, म्हणजे गावातला वैदू. त्या आईपुढे त्या घटकेला दुसरं कोणी उभं नसतं. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला वर्षानुवर्षं राहिले ते हीच पोकळी भरायला. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या हातात आहे ते असं: गावात कोणी बाळंत झाली की आशाताईचा नंबर आणि 108 हा रुग्णवाहिकेचा आकडा त्या घरात पोचवा. मोठ्या मुलामुलींना सांगून ठेवा की बाळाचं पोट फुगलं, दूध सोडलं, श्वास जोरात चालू लागला, तर विस्तवाकडे जायचं नाही, दवाखान्याकडे निघायचं. उद्याचे आईबाप तुमच्या वर्गातच बसले आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझ्या 9 वर्षांच्या मुलीच्या गालावर उकळता चहा सांडला. डाग आहे. नातेवाईक तिच्यासमोरच "पोरीची जात, चेहऱ्यावरच आलं" म्हणतात. डाग जाईल का, आणि या बोलण्याचं काय करू? (एक आई, मानेवाडा)

आधी डागाचं. भाजल्याचा वण साधारण वर्ष ते दोन वर्षं बदलत असतो. लालसर, उंच, खाजरा वण हळूहळू फिकट आणि सपाट होतो. तुमच्या मुलीचा तो काळ आता संपत आला आहे, म्हणून एकदा प्लास्टिक सर्जनला दाखवाच. मेडिकलमध्ये तो विभाग आहे. पूर्ण नाहीसा होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फिकट आणि मऊ मात्र पुष्कळ होतो. सिलिकॉनची जेल किंवा पट्टी वापरतात. वण जखमेच्या हद्दीबाहेर वाढत असेल तर त्याला कीलॉइड म्हणतात, त्यात इंजेक्शन द्यावं लागतं. आपल्या सावळ्या कातडीत तो जास्त होतो. नागपूरच्या उन्हात वण काळवंडतो, तेव्हा बाहेर पडताना स्कार्फ आणि सनस्क्रीन वापरा. ओठ, पापणी किंवा मान ओढली जात असेल तर थांबू नका. मूल वाढतं, भाजलेली कातडी तेवढी वाढत नाही, आणि ताण वर्षागणिक वाढतो.

इतर वाचकांसाठी: भाजल्यावर लगेच 20 मिनिटं वाहतं गार पाणी, बस. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढतच येतं, तेव्हा माठातलं स्वच्छ पाणी भांड्याने ओतत राहा. कापलं असेल तर जागा धुवून स्वच्छ कापडाने 10 मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उघडून पाहू नका. चेहऱ्यावरची खोक त्याच दिवशी शिवून घ्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं विचारा.

आता बोलण्याचं. हे वाक्य मुलाच्या वणाबद्दल कोणी म्हणत नाही. मुलाचा वण उनाडपणाची निशाणी ठरतो आणि मुलीचा वण लग्नाच्या बाजारातली खोट. वाचकांच्या पत्रांतही हा फरक दिसला. पुरुषांनी आपले वण पराक्रमासारखे सांगितले होते, तर बायकांच्या कितीतरी पत्रांची सुरुवात "हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही" अशी होती. ग्रीक महाकाव्यातला ओडिसियस 20 वर्षांनी वेश बदलून घरी येतो, तेव्हा म्हातारी दाई त्याला ओळखते ती मांडीवरच्या वणावरून. तरुणपणी शिकारीत रानडुकराने दिलेली ती खूण. तिथे ती त्याची ओळख आहे, कमीपणा नाही. तुमच्या मुलीलाही तोच मान हवा.

पुढच्या वेळी कोणी बोललं की तिथल्या तिथे, तिच्या देखत सांगा: "तिच्या गालाबद्दल तिच्यासमोर असं बोलायचं नाही." मागाहून समजावण्यापेक्षा तिच्या कानावर पडलेलं ते एक वाक्य जास्त काम करेल. शाळेत कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते तिचं तिला ठरवू द्या. सगळं सांगायचं, दोन शब्दांत सांगायचं, की "नाही सांगायचं" म्हणायचं, तिन्ही उत्तरं बरोबर आहेत.

ही सगळी पत्रं वाचून मला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. पडणं, झाडावर चढणं, गुडघे फोडून घेणं मुलांच्या वाढण्यातच आहे, ते थांबवू नये. पण देवीचे खड्डे आपण या देशातून घालवले. ते नशिबाने गेले नाहीत, लाखो दंड पुढे झाले म्हणून गेले. नायलॉनचा चरा, डंब्याचा चटका आणि वण असलेल्या मुलीला ऐकवलेलं ते वाक्य ही तर माणसांनीच दिलेली इजा आहे, आणि ती माणसांनाच थांबवता येईल. पुढच्या पिढीच्या अंगावर फक्त तिच्या स्वतःच्या खेळांचे वण असावेत.